मूल वाचतं म्हणजे काय करतं?

प्रस्तावना

डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका छात्राध्यापिकेच्या नोंदींमधून हे पुस्तक तयार झालं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिची इंटर्नशिप होती. पहिली-दुसरीची मुलं एकाच खोलीत बसायची, काही गावातली आणि काही शेजारच्या बंजारा तांड्यावरची. अध्यापक विद्यालयाला हवी होती पाठ टाचणं, शैक्षणिक साहित्याची यादी आणि सराव पाठांचे सही-शिक्क्याचे अहवाल. ते सगळं तिने वेळेवर दिलं. त्याशिवाय ती एक वेगळी वही लिहीत होती. आज कोणी काय वाचलं, कोण कुठे अडलं आणि अडल्यावर त्या मुलाने काय केलं, एवढंच त्या वहीत होतं. अध्यापक विद्यालयात शिकवताना मी छात्राध्यापकांच्या कितीतरी वह्या तपासल्या आहेत. त्यांत छात्राध्यापकाने काय शिकवलं ते तपशिलाने सापडतं, मूल मात्र फार थोड्या वह्यांत भेटतं. या वहीच्या जवळजवळ प्रत्येक पानावर ते भेटलं. म्हणून ती छापावी असा आग्रह मी धरला.

या विषयाकडे पहिल्यांदाच वळणारे वाचकही हे पुस्तक हाती घेतील. त्यांत नव्याने रुजू झालेले शिक्षक असतील, पालक असतील, शाळा व्यवस्थापन समितीतली माणसं असतील. लेखिका ज्या प्रश्नांशी झगडते ते तिच्या आधी कोणी कसे हाताळले, हे त्यांना माहीत असलं तर नोंदी वाचणं सोपं जाईल.

आधी प्रश्न केवढा आहे ते पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर आहे. हा आकडा घराघरांत विचारून काढलेला असतो, कोणाच्या हातात मजकूर देऊन वाचून घेतलेला नसतो. मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने २००५ पासून ‘असर’ पाहणीत नेमकं तेच करायला घेतलं : घरी जायचं, मुलाच्या हातात एक कागद द्यायचा आणि त्याला वाचायला सांगायचं. त्या पाहणीनुसार दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी तिसरीची मुलं ग्रामीण भारतात २०१८ मध्ये २७ टक्क्यांच्या आसपास होती. करोनाकाळातल्या शाळाबंदीनंतर, २०२२ मध्ये, ती २०.५ टक्क्यांवर आली. २०२४ मध्ये पुन्हा २७ टक्क्यांवर पोचली. म्हणजे घसरण भरून निघाली आणि आपण मूळच्या जागी आलो. ती जागाही चारांतल्या एका मुलाची आहे. उरलेल्या तिघांचं पुढे काय होतं, हे प्राथमिक शाळेत काम केलेला कोणीही सांगू शकेल. तिसरीपासून पाठ्यपुस्तक असं धरून चालतं की मुलाला वाचता येतं. परिसर अभ्यास वाचून समजून घ्यायचा, गणितातली शाब्दिक उदाहरणं वाचून सोडवायची. ज्याला वाचता येत नाही तो एकाच वेळी सगळ्या विषयांत मागे पडायला लागतो, आणि चौथी-पाचवीत पोचेपर्यंत ‘हा हुशार नाही’ असा शिक्का त्याच्यावर बसलेला असतो. नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान आलं आणि तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठायचं ठरलं. त्या उद्दिष्टाबद्दल दुमत असण्याचं कारण नाही. ते गाठायचं कसं, यावर मात्र शंभराहून अधिक वर्षं वाद चालू आहेत.

आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत मूल धुळाक्षरं गिरवायचं, पाढे घोकायचं, मोडीचे खर्डे वाचायचं. ती शाळा पत्र, पावती आणि हिशेब यांच्यासाठी होती, तीही ठरावीक घरांतल्या मुलग्यांसाठी. इंग्रजी अमदानीत सरकारी शाळा आल्या, छापील क्रमिक पुस्तकं आली. पण शाळेत कोण बसणार आणि शिकवणार कोण, हे दोन प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आणले ते जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी. भिडे वाड्यातली १८४८ ची शाळा सर्वांना ठाऊक असते. सावित्रीबाईंनी अध्यापनाचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं, अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या वर्गात, याची आठवण मात्र कमी काढली जाते. आपल्या पहिल्या शिक्षिकेला शिकवायचं कसं हेही शिकावंसं वाटलं, ही गोष्ट आमच्या क्षेत्रातल्या माणसांनी तरी विसरू नये. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंत सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली. गावातला शिक्षक शेतकरी वर्गातून आलेला असावा, त्याला प्रशिक्षण मिळावं आणि पगार बरा असावा, असंही ते म्हणाले. मुलांच्या आयुष्याची ज्याला ओळख आहे त्याने त्यांना शिकवावं, हा त्यामागचा विचार होता. या पुस्तकात तांड्यावरच्या मुलांबद्दल जे आलं आहे ते वाचताना मला त्या निवेदनाची वारंवार आठवण झाली.

सक्तीच्या शिक्षणाची पुढची हकिकत सर्वपरिचित आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानभर ही सक्ती लागू केली, गोखल्यांनी १९११ मध्ये आणलेलं विधेयक फेटाळलं गेलं, शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात कायदा केला. देशभर हक्काचा कायदा यायला मात्र २००९ साल उजाडलं.

मूल शाळेत आलं, आता त्याच्याशी वागायचं कसं? हा दुसरा प्रवाह. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांनी बालमंदिर उभं केलं, आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या आधारस्तंभ झाल्या. माँटेसरींच्या पद्धतीवर दोघांची श्रद्धा होती. पण १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर काम करताना ताराबाई आणि अनुताई वाघ यांना दिसलं की परदेशी बनावटीचं महागडं साहित्य आदिवासी पाड्यावर चालायचं नाही. मग खडे, बिया, शंख-शिंपले, पानं हेच साहित्य झालं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात गेली, आणि ते गुरं राखायला गेलं असेल तर त्याच्यामागे कुरणापर्यंत गेली. कोसबाडच्या कुरणशाळेबद्दल आज आपण कौतुकाने बोलतो. त्यातला कठीण भाग असा होता की त्या शाळेच्या शिक्षिकेला रोज सकाळी ठरवावं लागे की ही मुलं या घटकेला काय करताहेत आणि त्यातून शिकणं कुठे सुरू होईल. तयार टाचण घेऊन जाण्याची सोय तिथे नव्हती.

अध्यापक विद्यालयांत याच काळात वेगळं वारं होतं. हर्बार्टची पंचपदी आली आणि कित्येक पिढ्यांनी पूर्वतयारी, प्रस्तावना, विषयविवेचन या पायऱ्या पाठ केल्या. पुढे सूक्ष्म अध्यापन आलं : प्रश्न कौशल्य, प्रबलन कौशल्य, फलकलेखन कौशल्य, एकेका कौशल्याचा पाच-सात मिनिटांचा सराव. त्यांतलं काहीच निरुपयोगी नाही. फळ्यावर नीट लिहिता येणं आणि सर्वांना ऐकू जाईल असं बोलता येणं हे शिक्षकाला जमलंच पाहिजे. माझी हरकत आहे ती सगळा प्रकाशझोत छात्राध्यापकावर पडण्याला. निरीक्षक मागच्या बाकावर बसून आवाज, हावभाव, साहित्याचा वापर यांचे रकाने भरतात आणि तास संपेपर्यंत मुलं प्रेक्षक होऊन बसतात. प्रश्न विचारला की जो मुलगा हमखास उत्तर देतो त्यालाच उठवायचं, हे छात्राध्यापक पहिल्या आठवड्यातच शिकतो. पाठ उत्तम होतो. ज्याला वाचता येत नव्हतं त्याला तासानंतरही येत नसतं, आणि अहवालात त्यासाठी रकानाच नसतो.

आता वाचनाच्या पद्धतींकडे येतो, कारण या पुस्तकाचा गाभा तिथे आहे. जगभर याबद्दल दोन मोठे पक्ष राहिले आहेत. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड आधी पक्की करा, वाचन त्यातून येईल, असं एक पक्ष म्हणतो. वाचन म्हणजे अर्थाचा शोध, म्हणून गोष्टी आणि अर्थपूर्ण मजकूर यांपासून सुरुवात करा, अक्षरं वाटेत कळतील, असं दुसरा म्हणतो. १९६७ या एकाच वर्षी केनेथ गुडमन यांनी वाचन हा अर्थाच्या आधारे अंदाज बांधण्याचा खेळ आहे अशी मांडणी केली आणि जीन चॉल यांनी दोन्ही बाजूंचे पुरावे तपासून सुरुवातीला ध्वनीवर भर देणाऱ्या शिकवण्याला कौल दिला. १९८६ मध्ये गफ आणि टनमर यांनी एक साधी मांडणी केली : वाचन म्हणजे लिपी उलगडणं गुणिले भाषा समजणं. यातला गुणाकार महत्त्वाचा आहे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य.

मराठीतही हे पक्ष आपापल्या रूपात होतेच. मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द ही जुनी वाट. तिला कंटाळून आलेली शब्दपद्धती आणि वाक्यपद्धती, ज्यांत ‘कमळ बघ’ सारख्या तुकड्यांपासून सुरुवात होते. पण परदेशातला वाद जसाच्या तसा उचलून आपल्याला भागणार नाही, कारण तो मुख्यतः इंग्रजीबद्दल आहे आणि आपली लिपी वेगळी आहे. स्वर-व्यंजनांची बाराखडी मांडली तर चारशेच्या वर अक्षररूपं होतात, जोडाक्षरं आणखी वेगळी. सोनाली नाग यांच्या कन्नडवरच्या २००७ च्या अभ्यासात दिसलं की अशा लिपीतल्या अक्षरांवर पकड बसायला मुलांना कित्येक वर्षं लागतात, चौथीतही ते काम पुरं झालेलं नसतं. ‘पहिलीत बाराखडी संपली’ असं आपण म्हणतो तेव्हा ती शिक्षकापुरती संपलेली असते.

फलटणमध्ये भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी उभ्या केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेने या लिपीचा विचार करून मराठी वाचनाची पद्धत घडवली. सगळी मुळाक्षरं ओळीने न शिकवता थोडी अक्षरं आणि काही स्वरचिन्हं एकत्र घ्यायची, म्हणजे अगदी लवकर त्यांतून खरे शब्द आणि छोटी वाक्यं तयार होतात, आणि त्याच वेळी मुलांना गोष्टी ऐकवत राहायचं, बोलतं ठेवायचं, मनातलं लिहू द्यायचं. पालघर भागात निलेश निमकर आणि ‘क्वेस्ट’ संस्थेचं काम याच अंगाने पुढे गेलं. कोल्हापुरात लीलाताई पाटलांच्या सृजन आनंद विद्यालयाने मुलांच्या अनुभवातून शिकणं कसं उभं राहतं ते दाखवलं. माझं मत स्पष्ट सांगतो : अक्षरओळख आणि अर्थ यांत निवड करा असं शिक्षकाला सांगणारा प्रत्येक सल्ला मराठी मुलाचं नुकसान करतो. दोन्ही पहिल्या दिवसापासून हवीत.

सरकारी शाळांत २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर ज्ञानरचनावाद (मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं, ही धारणा) हा शब्द घरोघर पोचला. पियाजे आणि व्हायगॉट्स्की यांच्यापासून निघालेला आणि २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातून आपल्यापर्यंत आलेला हा विचार मोलाचा आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले आणि कित्येकांनी परत येऊन आपला वर्ग बदलला. काही ठिकाणी मात्र जमिनीवरची रंगीत आखणी तेवढी पोचली, तिच्यामागचा प्रश्न वाटेत राहिला. तो प्रश्न असा : या मुलाच्या डोक्यात आत्ता काय चाललं आहे? ‘प्रथम’ने इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करून शिकवण्याची जी पद्धत रुजवली आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो यांच्या अभ्यासांनी जिचे परिणाम दाखवून दिले, तिच्याही मुळाशी हाच प्रश्न आहे. मूल कुठे आहे ते आधी बघा, मग शिकवा.

आणि ते बघायचं म्हणजे काय, हे या पुस्तकात दिसतं. एक नोंद इथे थोडक्यात सांगतो. दुसरीतला एक मुलगा ‘गर्दी’ हा शब्द ‘ग-दी-र’ असा वाचतो. तीन दिवस तीनदा. वर्गातलं नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे : लक्ष नाही, पुन्हा म्हण, दहा वेळा लिही. लेखिकेने त्याला ‘सूर्य’ आणि ‘पर्स’ वाचायला दिले. त्याने ‘सू-य-र’ आणि ‘प-स-र’ वाचलं. मग तिच्या ध्यानात आलं की मुलगा चुकत नाहीये, तो एक नियम पाळतो आहे. डावीकडून उजवीकडे जे दिसेल ते त्या क्रमाने वाचायचं, हा नियम आपणच त्याला शिकवला होता. रफार द वर दिसतो, म्हणून तो दच्या नंतर वाचायचा. आपल्या लिपीत हे चिन्ह नंतर दिसतं, पण ते आधी उच्चारायचं असतं, हे त्याला कोणीही सांगितलेलं नव्हतं. ऱ्हस्व वेलांटीचं याच्या उलट : ती आधी दिसते आणि नंतर उच्चारायची असते. मग तिने दहा वेळा लिहून घेणं सोडून ‘गरदी’ आणि ‘गर्दी’ शेजारी शेजारी लिहिले, दोन्ही मोठ्याने म्हणवून घेतले आणि र कुठे ऐकू येतो ते मुलालाच शोधायला लावलं. दुसऱ्या दिवशी त्याने ‘वर्ग’ बरोबर वाचला, ‘कार्यक्रम’ वाचताना पुन्हा अडला. तिने दोन्ही लिहून ठेवलं.

मराठीत अशी वळणं पुष्कळ आहेत. ‘चार’ आणि ‘चोर’ यांत च एकच दिसतो, ध्वनी दोन आहेत. ‘घर’ मधला शेवटचा र आपण अर्धाच म्हणतो, पण मुलाला अक्षर शिकवताना पूर्ण ‘र’ म्हणायला लावतो आणि मग ‘घ-र’ जोडून त्याला ‘घर’ का ऐकू येत नाही याचं आश्चर्य करतो. ‘अंग’, ‘संत’ आणि ‘आंबा’ यांतला अनुस्वार तीन ठिकाणी तीन प्रकारे उच्चारला जातो. ज्यांना वाचता येतं त्यांना हे दिसणं बंद झालेलं असतं. शिकवायला शिकणाऱ्या माणसाला ते पुन्हा दिसावं लागतं, आणि अनुभवी शिक्षकापेक्षा छात्राध्यापकाला ते कधी कधी जास्त दिसतं, कारण त्याची नजर अजून सरावलेली नसते. या पुस्तकाचं सगळं बळ मला त्यात वाटतं.

दुसरी नोंद तांड्यावरच्या मुलीची आहे. चित्राखाली ‘आई’ लिहिलेलं आहे आणि मुलगी आत्मविश्वासाने ‘याडी’ वाचते. गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, आईला याडी म्हणतात. हा प्रसंग वाचून आपण हसून पुढे जाऊ शकतो, लेखिका तिथे थांबते. छापलेल्या खुणांना अर्थ असतो आणि तो आपल्या ओळखीचा असतो, एवढं या मुलीला कळलं आहे, आणि वाचनाचा अर्धा रस्ता तोच आहे. अक्षरं मात्र तिने अजून पाहिलेलीच नाहीत. ‘ग-दी-र’ वाचणाऱ्या मुलाचं नेमकं उलट : अक्षरं सगळी माहीत, शब्दाला अर्थ असावा लागतो याची खबर नाही, नाहीतर ‘गदीर’ म्हणजे काय असं त्याने स्वतःलाच विचारलं असतं. वाचनशास्त्रातले दोन पक्ष एका खोलीत, दोन मुलांच्या रूपात, समोरासमोर बसलेले आहेत आणि शिक्षिकेला दोघांना एकाच तासात शिकवायचं आहे. ‘याडी’ चूक ठरवून खोडली असती तर त्या मुलीने पुढे तोंड उघडलं असतं का, हा लेखिकेचा प्रश्न मला या पुस्तकातला सर्वांत गंभीर प्रश्न वाटतो. महाराष्ट्रात कोरकू, गोंडी, कोलामी, पावरी, भिली, वारली बोलणारी मुलं मराठी शाळेत पहिल्या दिवशी नव्या भाषेत येऊन बसतात. वऱ्हाडीत वावर आणि पऱ्हाटी म्हणणाऱ्या मुलाचंही, कमी प्रमाणात, तेच होतं. घरची भाषा वर्गात बोलू दिली तर मराठी कच्ची राहते, अशी भीती अनेक शिक्षकांना प्रामाणिकपणे वाटते. या वहीतला अनुभव तिच्या विरुद्ध बाजूचा आहे.

पुस्तकाकडून काय अपेक्षा ठेवू नये, तेही सांगायला हवं. एका खोलीतल्या, एका शैक्षणिक वर्षाच्या या नोंदी आहेत. कोणती पद्धत सर्वांत प्रभावी, हे त्यांतून सिद्ध होत नाही आणि लेखिकेचा तसा दावाही नाही. सगळी मुलं वाचायला शिकली असा शेवटही इथे नाही. काही शिकली, काही अडकली, दोघं ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर दिवाळीनंतर निघून गेली आणि त्यांच्या नोंदी मध्येच थांबतात. त्या तशाच थांबू दिल्या आहेत. मुलांची आणि गावाची नावं अर्थातच वगळली आहेत. भाषेवरून हात फिरवताना मी विरामचिन्हांपलीकडे फारसा गेलो नाही. जिथे लेखिकेचं मत महिन्याभराने बदललं आहे तिथे आधीची नोंद पुसलेली नाही. प्रबलन कौशल्याच्या नावाखाली दर वाक्याला ‘शाब्बास’ म्हणणारी तीच लेखिका पुढे मुलाला ‘तू हे कसं ओळखलंस?’ असं विचारायला लागते. तो बदल वाचकाने पानापानांतून स्वतः पाहावा.

अध्यापक विद्यालयांतल्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती करतो. इंटर्नशिपमध्ये प्रत्येक छात्राध्यापकाला वाचन न येणारं एक मूल नेमून द्या. आठवड्यातून तीनदा, दहा-पंधरा मिनिटं, त्याच्या शेजारी बसून त्याला वाचू द्यायचं. ते जसं वाचेल तसं, दुरुस्त न करता, वहीत उतरवायचं आणि खाली लिहायचं की त्याने असं का वाचलं असावं. त्यासाठी पाठ टाचणांची संख्या थोडी कमी करावी लागली तर करा, आणि गुण देताना त्या वहीला निदान एका सराव पाठाइतकं वजन द्या. तोंडी परीक्षेत छात्राध्यापकाला पंचपदीच्या पायऱ्यांच्या जोडीला एवढंही विचारा : तुमचं मूल जूनमध्ये काय वाचत होतं, आता काय वाचतं, आणि मधे काय घडलं?